बोटानंतरचं बिस्किट

आमच्या सासूबाई गेला महिनाभर सतत ‘नाही’ म्हणताहेत. स्वतः शांत झोपलेल्या असल्या, तरी कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये त्यांचं ‘नाही’ चालूच असतं.

हा उद्योग माझ्या नणंदेचा. ताई राहायला आल्या होत्या, आणि ऐन जेवणाच्या तोंडावर आमची भिंगरी बिस्किटांच्या डब्याला लोंबकळत होती. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं दीड. आईंनी एक हात कमरेवर ठेवला, भुवया चढवल्या आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्यापुढे हलवलं. ताईंनी ते फोनवर टिपलं, कुठल्याशा ॲपमध्ये नेमका बोटाचा तुकडा कापला, त्याचं हलतं स्टिकर केलं आणि घरच्या ग्रुपवर सोडून दिलं. बोट डावीकडे, बोट उजवीकडे, पुन्हा पहिल्यापासून. ज्याने फोन उघडला त्याला आईंनी दटावलंच.

सगळ्यांनी ते अगदी डोक्यावर घेतलं. जावयांना विचारावं, गाडी दुरुस्त झाली का, तर आईंचं बोट. नवऱ्याला विचारावं, आज लवकर येणार का, तर त्याच्याच आईचं बोट. आईंची सख्खी बहीणही मागे राहिली नाही.

“पाय दुखायचा थांबला का, एवढंच विचारलं गं,” आई मला फोन दाखवत म्हणाल्या, “तर ही मला मलाच पाठवते!”

तोपर्यंत त्यासुद्धा हसत होत्या. पण नवऱ्याला नवीन युक्ती सापडली. भिंगरी घास घेईना की तो तिला ते स्टिकर दाखवायचा. ती बोटाकडे बघत आ करायची, घास आत जायचा. आणि एका सकाळी आई तिला उचलायला आल्या, तर तिने आपलं इवलंसं बोट वर केलं, दोनदा हलवलं आणि माझ्या पायांमागे लपली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर आजी दारात दिसताच बोट वर. आजी म्हणजे ‘नाही’, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

“मला काय त्याचं,” आई म्हणाल्या. “पोर आहे ते.”

पण तेव्हापासून त्या दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून बोलायला लागल्या. शेजारणीला दवाखान्याचा रस्तासुद्धा त्यांनी हनुवटीने दाखवला.

मग एका दुपारी भिंगरी झोपली, मी लॅपटॉप उघडला आणि आई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. जाहिरातींसाठी हलती चित्रं करायची, हे माझं काम. आईंच्या भाषेत, मी बाटल्या नाचवते. त्या दिवशी शाम्पूची नाचवायची होती.

“बाटली राहू दे जरा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मला पुढे ने.”

“कुठे पुढे?”

“बोटाच्या पुढे. ताईने तिथेच कापलं. पुढे मी बिस्किट दिलं होतं.”

मी वळून बघितलं. जेवणाआधी बिस्किट द्यायचं नाही, हा या घरातला आईंचाच कायदा. त्यावरून माझी किती वेळा शाळा घेतली होती त्यांनी!

“जेवणाआधी, आई?”

“अर्धंच दिलं. तू तुझं काम बघ.”

मी ताईंकडून मूळ व्हिडिओ मागवला. “आई आणि बिस्किट देईल? शक्यच नाही!” असा निरोप आधी आला, मग व्हिडिओ आला, तोही पाठवताना लहान होऊन, जरा धूसर. पण दिसत होतं सगळं. बोट हलतं, मग आई स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवतात. दाराच्या आत मी होते. मी येत नाही अशी खात्री पटल्यावर बिस्किटाचे दोन तुकडे, एक भिंगरीच्या हातात, एक स्वतःच्या तोंडात.

“तोंडातला तुकडा काप,” आई घाईघाईने म्हणाल्या.

“आणि बाकीचं? हे सगळं ग्रुपला दिसेल. इतक्या वर्षांचा तुमचा धाक...”

आतल्या खोलीच्या दाराकडे बघत त्या म्हणाल्या, “दिसू दे. तिला दिसलं पाहिजे.”

एवढं म्हटल्यावर मी बाटली बाजूला सारली.

पण प्रकरण सोपं नव्हतं. असं हलतं चित्र म्हणजे एकामागून एक सरकणारी चित्रांची गड्डी. जेवढी चित्रं आणि जेवढे रंग, तेवढी फाईल जड. आणि फाईल जड झाली की ग्रुप ती घेत नाही. आधीच्या चित्रात जे जसंच्या तसं आहे ते पुन्हा साठवावं लागत नाही. जे हललं, त्याचंच ओझं. आणि ताईंच्या व्हिडिओत सगळंच हलत होतं. ताई हसत होत्या म्हणून फोन हलत होता, आणि मागे पडदा फडफडत होता.

“पंखा बंद करा, मी तेव्हाच म्हणत होते,” आई म्हणाल्या. “माझं ऐकतं कोण या घरात?”

मी पडदा एका जागी गोठवला, ताईंचं हसणं सरळ केलं. तरी फाईल जडच.

“आई, बोट कमी करावं लागेल. पाच वेळा हलतंय.”

“पाच वेळा? मी नाही गं एवढं हलवत.”

मी पुन्हा लावून दाखवलं.

“ती टिपत होती ना, म्हणून जरा जास्त झालं. एकदाच ठेव.”

एकदाच ठेवलं. अजून थोडं कमी करायला हवं होतं. आता रंगच उरले होते, आणि चित्रातले निम्मे रंग आईंच्या स्वेटरमध्ये. गडद जांभळ्यापासून फिकटापर्यंत उतरत जाणारा, त्यांनी स्वतः विणलेला; आत्ताही अंगावर तोच. मी भीत भीत रंग कमी केले. सगळ्या छटा एकमेकींत गेल्या आणि एकच मळकट पट्टा झाला.

“हे काय! हे तर ओटा पुसायचं फडकं!”

“थोडे परत घालू?”

“घाल की.”

घातले. फाईल फुगली. “मग बिस्किट देतानाची दोन चित्रं गाळावी लागतील. हात एकदम इथून तिथे उडी मारेल.”

“बिस्किट दिसणार नाही?”

“नीट नाही दिसणार.”

आईंनी अंगावरच्या स्वेटरवरून हात फिरवला. “राहू दे फडकं,” म्हणाल्या. “मला घरात बघतातच की सगळे.”

सगळं जुळलं. मी चालवून दाखवलं. बोट हललं, बिस्किट निघालं, हात पुढे आला... आणि लगेच पुन्हा बोट.

“अगं, दिलं ना आत्ता! पुन्हा नाही कशी म्हणते मी?”

माझी मलाच लाज वाटली. रोज तेच करणारी मी, आणि हे लक्षात आलं नाही. फिरत्या चित्रात शेवटानंतर पहिलंच येतं. देऊन पुन्हा नाही म्हणणारी आजी, म्हणजे आधीपेक्षा वाईट. पण किती वेळा फिरायचं, हेही फाईलमध्येच लिहिलेलं असतं. तिथे मी ‘एकदाच’ केलं. आता बोट हललं, हात पुढे आला आणि तिथेच थांबला.

“हं,” आई म्हणाल्या. “आता मी दिसते मी.”

इतक्यात आतून रडण्याचा आवाज आला. मी भिंगरीला उचलून आणलं. आजीला बघताच तिने सवयीने बोट वर केलं. आईंचे हात खिशात. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

बोट बघून ती ओळखीचं हसली. मग बिस्किट निघालं, आणि ती हसायची थांबली. चित्र थांबलं. पुढे काही होईना म्हणून तिने स्क्रीनवर थाप मारली, लॅपटॉपमागे वाकून बघितलं. मग मांडीवरून उतरून आजीपुढे जाऊन उभी राहिली आणि आजीच्या खिशाला हिसका दिला. हात बाहेर आला. तिने तो उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट उघडून बघितलं.

आई माझ्याकडे बघेचनात. “ही शोधतेय गं,” एवढंच म्हणाल्या. तिला कडेवर घेऊन त्या डब्याकडे गेल्या. ती गुमान गेली.

“आई, अर्धं हं,” मी मागून म्हटलं. “कायदा तुमचाच.”

“अर्ध्याने काय होतंय तिचं!”

मी फाईलला नाव दिलं, ग्रुप उघडला. “सोडू का हो?”

बिस्किट चावण्याचा आवाज येत होता. एकीचा की दोघींचा, ते सांगता येणार नाही.

“नको,” आतून उत्तर आलं. “जिला बघायचं होतं तिने बघितलं. तिकडे राहू दे माझा धाक.”