भिंतीकडे तोंड केलेला बाक

बसा. माझ्यावर बसायला ओळख लागत नाही. बोलतोय तो मीच, तुमच्या खालचा बाक. लाकडाच्या फळ्या, लोखंडाचे पाय आणि वर हिरव्या रंगाचे इतके थर, की आता मूळचा मी किती आणि रंग किती हे मलाही सांगता येणार नाही.

समोर तळं दिसतंय ना? बघून घ्या. मला ते फार उशिरा दिसलं, आणि खरं सांगायचं तर न दिसतं तरी माझं काही अडलं नसतं.

शहराच्या टोकाला एक कारखाना होता, तिथे माझा जन्म झाला. एका साच्यातून निघालेले आम्ही पुष्कळ भाऊ. एकाच ट्रकमधून या बागेत आलो. बाकीच्यांना सकाळीच तळ्याकाठी ओळीने बसवलं. माझी पाळी येईपर्यंत दुपार झाली आणि कामगारांना भूक लागली. माझ्या आयुष्याची दिशा ठरली ती एवढ्यामुळे.

तळ्यावरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं. मुकादम म्हणाला, "जेवण होईपर्यंत याला उलटा ठेवा रे. काय डोळे मिटून जेवायचं?" त्यांनी मला तळ्याकडे पाठ करून खड्ड्यांत उभा केला, डुगडुगू नये म्हणून पायांशी सिमेंट ओतलं आणि माझ्यावर बसून निवांत डबे उघडले. जेवण झालं. जेवणानंतर माणसाचं जे होतं तेही झालं. सगळे उठले तोवर सिमेंट दगड झालं होतं. मुकादमाने मला एक लाथ घालून पाहिली. मी हललो नाही.

"पक्का बसलाय," तो समाधानाने म्हणाला, आणि सगळे घरी गेले.

तर असा मी. बारा भावांची तोंडं पाण्याकडे आणि माझं तोंड पंपघराच्या मागच्या भिंतीकडे. भिंतसुद्धा अशी जवळ, की बसणाऱ्याने पाय लांब केले तर तळवे तिला टेकावेत. तिच्यावर ओलीचा एक मोठा डाग होता. तो कोणाला ढगासारखा दिसे, कोणाला साहेबासारखा.

पहिली काही वर्षं माझ्यावर फक्त कावळे बसले. माणसं यायची, मला बघून हसायची आणि पुढे जायची. एकदा एका बापाने पोराला मला दाखवून सांगितलं, "अभ्यास केला नाहीस तर अशी कामं करशील." त्यानंतर बाप स्वतःच एकटा येऊन माझ्यावर बराच वेळ बसला होता. भिंतीकडे बघत.

मग हळूहळू मला माझी माणसं मिळाली.

या शहराचे लोक आपापल्या आवडत्या जागांबद्दल फार बोलतात. कोणाला सिनेमाघरातली शेवटची रांग आवडते, कोणाला बेकरीमागची ती गल्ली, जिथे फरशी पायाखाली ऊबदार लागते. कोणी सांगतो, वाचनालयात एक पंखा आहे, त्याखाली पेपर तोंडावर धरला की कोणी उठवत नाही. एक जण म्हणाला, न्हाव्याची खुर्ची. तिथे डोळे मिटायला पैसे दिलेले असतात. हे सगळं ऐकून ऐकून मला एक गोष्ट कळली. शहरात सगळं मिळतं, फक्त जगाकडे पाठ करून बसायला जागा मिळत नाही. घरात भिंतीकडे तोंड करून बसलात तर घरचे कपाळाला हात लावून बघतात. मी मात्र मुळातच चुकलेला. माझ्यावर बसणाऱ्याला कोणी दोष देत नसे, दोष बागखात्याचा.

नोकरी गेलेला एक गृहस्थ दोन महिने रोज डबा घेऊन कामावर म्हणून माझ्याकडे येत होता. कचेरीतल्या दोघी साहेबाची नक्कल करून पोट धरून हसत. एका तरुणाने लग्नाची मागणी घालायचा सराव भिंतीपुढे केला. भिंतीने नकार दिला नाही, म्हणून त्याला धीर आला असावा. माझ्यावर एक अलिखित नियम होता: शेजारी बसलेल्याला काही विचारायचं नाही. इतकी वर्षं तो कोणी मोडला नाही. माझा रंग ओला असताना पाटी वाचूनही बोट लावून बघणारी ही जमात! एवढा एक नियम तिने पाळला, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यातलीच एक औषधवाली बाई.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ती काम करायची. संध्याकाळी सुटली की सरळ माझ्याकडे. आधी चपला काढायची, मग तळवे भिंतीला लावायची आणि असा श्वास सोडायची, की माझ्या फळ्यांनाही सैल वाटावं. मग पिशवीतून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी निघायची. एकेक शेंगदाणा, अगदी सावकाश. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, दोन मुलं, नवरा आणि येऊनजाऊन असणारी नणंद. त्या घरात तिच्या हातातली कुठलीच गोष्ट पूर्ण तिच्या तोंडापर्यंत पोचत नसणार. हे तिने मला सांगितलं नाही. पुडीतला शेवटचा शेंगदाणा ती ज्या तऱ्हेने खायची, त्यावरून कळत होतं.

अर्ध्या तासात एकदा तरी फोन वाजे.

"हो, दुकानातच आहे. सुटायला वेळ आहे अजून. नाही हो, समोर गिऱ्हाईक आहे."

समोर भिंत असे. तसं गिऱ्हाईक कोणाला मिळत नाही. काही मागत नाही आणि औषध कडू म्हणून परत आणत नाही.

बाईचं सगळं ठीक चाललं होतं. पण एवढं ठीक चाललेलं बघवत नाही असे काही भले लोक प्रत्येक बागेत असतात.

आमच्या बागेत त्यांचं मंडळ आहे. संध्याकाळी तळ्याभोवती फेऱ्या मारायच्या आणि वाटेत दिसेल ते सुधारायचं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. आवाज असा, की बदकंसुद्धा ओळीत पोहत. बरोबर त्यांच्या पत्नी, दोन पावलं मागे आणि चार पावलं पुढचा विचार करणाऱ्या.

अध्यक्षांना बाईची फक्त पाठ दिसायची. पाठीवरून त्यांनी निदान केलं.

"रोज बघतोय मी. भिंतीकडे तोंड करून रडत बसते बिचारी."

"रडते हे तुम्हाला पाठीमागून कळलं?" पत्नीने विचारलं.

"खांदे हलतात तिचे."

"काहीतरी खात असेल."

"तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीत खाणं दिसतं," अध्यक्ष म्हणाले. "समोर एवढं सुंदर तळं, आणि त्या माउलीच्या नशिबी भिंत! हे आपण बदललं पाहिजे."

"तिला विचारा तरी एकदा."

"दुःखी माणसाला विचारायचं नसतं. करायचं असतं."

आणि त्यांनी केलं. ज्या बागखात्याने गळका नळ दुरुस्त करायला तीन उन्हाळे घेतले, त्याच खात्याने मला फिरवायला आठवडाही घेतला नाही. चांगल्या गोष्टीला उशीर लागतो, हे मला तेव्हा पटलं. छिन्नी आली, घण आला, माझे पाय मोकळे झाले. मला गोल फिरवून पुन्हा त्याच जागी पुरलं, आणि या वयात मला पहिल्यांदा तळं दिसलं. पाणी, त्यात बदकं, त्यापलीकडे उंच इमारती आणि त्यांच्या खिडक्या. सगळं माझ्याकडे बघत होतं. मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

संध्याकाळी बाई आली आणि थबकली. अध्यक्ष फीत घेऊन उभेच होते.

"या, या! हे सगळं तुमच्यासाठीच बरं का, ताई!"

"माझ्यासाठी?"

"आता रडायचं नाही. बसा. अशा मधोमध. हं, जरा हसा बघू!"

फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. बाई चपला पायांत ठेवून, गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर धरून बसली होती. फेऱ्या मारणारा प्रत्येक जण आता तिच्या समोरून जात होता आणि प्रत्येक जण मान डोलावून हसत होता. तिला प्रत्येकाकडे हसावं लागत होतं. शेंगदाण्यांची पुडी त्या दिवशी निघालीच नाही.

फोटो मंडळातल्या सगळ्यांच्या फोनवर गेला. फोनवर गेलेली गोष्ट कुठे थांबते? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई माझ्यावर टेकते न टेकते, तोच तिची नणंद झपाझप चालत आली. हातात फोन, चेहऱ्यावर जिंकल्याचा घाम.

"वहिनी, हा फोटो कोणाचा गं?"

बाईने पिशवी जवळ ओढली.

"दुकान सुटतं कधी नक्की? तिकडे बाबांचं पाणी द्यायला मी धावतपळत येते, माझं घर टाकून! आणि ही इथे बदकं बघत बसलीय!"

"बदकं नाही बघत मी," बाई हळूच म्हणाली.

"मग काय बघतेस?"

 याचं उत्तर आता माझ्या मागे होतं. ती उठली आणि नणंदेमागून निघून गेली. त्यानंतर ती आली नाही.

माझी इतर माणसंही हळूहळू पांगली. तळ्याकडे तोंड करून साहेबाची नक्कल करता येत नाही. न जाणो, पलीकडून साहेबच यायचा. माझ्यावर आता फोटो काढणारे बसू लागले. ते बसतात, तोंडाचा चंबू करतात, उठतात. मी थकलो होतो. ओझ्याने नाही, ओझ्याची सवय आहे. या बसण्याला वजनच नव्हतं.

अध्यक्ष मात्र रोज माझ्यावर टेकून समाधानाने तळं बघत. एक दिवस म्हणाले, "त्या ताई दिसत नाहीत हल्ली. दुःखातून बाहेर पडल्या वाटतं."

पत्नी म्हणाल्या, "मी आज तुमच्या गोळ्या आणायला गेले होते. भेटली ती दुकानात."

"मग? आनंदात आहे ना?"

"अहो, ती रडत नव्हती. ती बसत होती."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसती बसत होती. अर्धा तास. कोणाला न दिसता. तेवढीच तिची जागा होती या शहरात, ती तुम्ही फीत कापून सगळ्यांना वाटून टाकलीत. आता सुटली की सरळ घरी जाते. नणंद घड्याळ लावून बसलेली असते."

अध्यक्षांनी पत्नीचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या बाबतीत ही घटना बागेच्या इतिहासात नोंदवण्यासारखी होती. मग उठून थेट बागखात्यात गेले. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परतले. बाक पाण्याकडे फिरवायची खात्यात सोय होती. भिंतीकडे फिरवायची नव्हती. "आजवर कोणी मागितलंच नाही," असं तिथला माणूस म्हणाला, आणि ते खरंही होतं.

"झालं तुमचं करून?" पत्नी म्हणाल्या. "आता मी बघते."

त्यांनी काय केलं? काहीच नाही. पत्नी माझ्या मागे गेल्या, माझी पाठ आणि ती भिंत यांच्यामधलं गवत पायाने दाबून पाहिलं, आणि दुकानाकडे चालू लागल्या. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या मागे पुठ्ठ्याचा आवाज झाला. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा होता तो. कोणीतरी तो गवतावर अंथरला, खाली बसलं, चपला काढल्या. माझ्या पाठीला पाठ टेकली. आणि तो श्वास! तो मी हजारांत ओळखला असता.

घरी तिने सांगितलं होतं की, दुकान आता उशिरा सुटतं. माझ्यावर अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी ऐसपैस बसत. जाणाऱ्यायेणाऱ्याला दोन माणसं आणि एक पसरलेलं वर्तमानपत्र दिसे. अध्यक्षांनी ते वर्तमानपत्र असं धरलं होतं, जसं काही किल्ल्याचं दार.

पण नणंद ती नणंद. चारच दिवसांत ती बागेत हजर.

"काका, परवा तुम्ही फोटो काढलात ना, ती बाई येते का अजून इथे?"

माझ्या मागे शेंगदाणा फुटता फुटता थांबला. अध्यक्षांनी वर्तमानपत्र खाली केलं. जन्मभर पोरांचं खोटं पकडलेला माणूस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कोण बाई?" ते म्हणाले. "इथे आम्हीच बसतो."

नणंद इकडेतिकडे बघत राहिली. आता दुकानात जाऊन विचारणार, असं मला वाटलं. एवढ्यात अध्यक्षांच्या पत्नी सरकल्या.

"दमलेली दिसतेस. टेक जरा."

"नको, घरी सगळं पडलंय. तिकडे बाबा, इकडे माझ्या घरी सासूबाई..." म्हणता म्हणता ती टेकली. टेकली ती अशी, की तिचं वजन माझ्या फळ्यांपासून पायांपर्यंत उतरलं. मग तिने चपला काढल्या.

फोन वाजला. तिने तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"हं. नाही, मला वेळ लागेल. वहिनीकडेच आहे मी. हो, बसलेय ना तिच्याजवळ."

फोन ठेवून तिने पाठ मागे टाकली. माझी एकच फळी. तिच्या एका बाजूला नणंदेची पाठ, दुसऱ्या बाजूला वहिनीची. मी आजवर एवढं वजन पेललं नव्हतं, आणि एवढं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने मागे शेंगदाणा फुटला. नणंदेने मान किंचित वळवली. मग पुन्हा तळ्याकडे केली, आणि डोळे मिटून घेतले.

हल्ली ती रोज येते. विचारायला म्हणून. अध्यक्ष रोज सांगतात, कोणी बाई येत नाही, आणि ती रोज टेकते.

तेव्हा बसा, हवं तेवढं बसा. मी जुना झालोय, एक पाय कुरकुरतो, पण अजून पेलतो. एवढीच विनंती, की मागे टेकताना जरा हळू टेका. हात मागे लोंबकळत सोडू नका. आणि बसल्याबसल्या मागून शेंगदाणे खाल्ल्यासारखा आवाज आला, तर खार असेल म्हणा, आणि तळ्याकडे बघा.