इमोजीनचं खिशातलं पिस्तूल

"अरे, हे पिस्तूल आहे की चेष्टा? ओढतोय, ओढतोय, चाप आपला मागे यायचं नावच घेत नाही!"

वेन्डेलने ते इवलंसं पिस्तूल माझ्या काउंटरवर ठेवलं आणि दुकानातली सगळी डोकी वळली. तो भांडत नव्हता. लाकडाच्या गिरणीत करवतींपाशी उभा जन्म काढलेला माणूस. दोन्ही कान कामातून गेलेले. त्याचं साधं "कसा आहेस" रस्त्यापलीकडे ऐकू जातं. यंत्रं आहेत कानाची, पण घालील तर शपथ!

हरणांच्या शिकारीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. आमच्या आर्कान्सा राज्यातल्या डोंगरांत हे दिवस म्हणजे सणच, आणि मी पडलो बंदुका दुरुस्त करणारा. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत वेन्डेलच्या मागे त्याची बायको इमोजीन पर्स पोटाशी धरून उभी होती. आम्ही तिघं एका शाळेतले. पुढे इमोजीनने त्याच शाळेची बस चालवली. पोरांनी बस डोक्यावर घेतली तरी हिचा आवाज कधी चढला नाही. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आजारी असेल.

"हिच्या बोटांत संधिवात," वेन्डेल सांगत होता. "चाप लोण्यासारखा मऊ कर. आणि गोळ्या अडकतात, त्याचंही बघ. परवा रिकामं करताना एक अडकली म्हणे. उद्या कोणी घरात घुसला आणि तेव्हा अडकली तर? माझी बायको फुकट मरायची, रॉइस!"

त्याची भीती खोटी नव्हती. त्यांच्याच रस्त्यावरच्या एका विधवेच्या घरात तोंड झाकलेला माणूस दिवसाढवळ्या शिरला होता आणि म्हातारीचा हात मोडून पळाला होता. दुसऱ्याच दिवशी वेन्डेलने बायकोला हे पिस्तूल आणून दिलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने दाखवत सुटला होता.

या खिशातल्या पिस्तुलांनी माझे केस पिकवलेत, खरं सांगतो. लोकांना ते काड्यापेटीएवढं हवं, चाप फुलासारखा हवा आणि गोळी कधी अडकायला नको. असलं पिस्तूल देवालाही जमायचं नाही! लहान पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते, आणि चाप मुद्दाम जड ठेवतात, खिशात कशाला लागून उडू नये म्हणून. त्यात आमच्या लोकांची खोड. सरावाला स्वस्तातल्या गोल नाकाच्या गोळ्या झाडायच्या आणि घरी भरून ठेवायच्या महागड्या, पोकळ नाकाच्या. त्या पोटात शिरताना पिस्तूल कुरकुरतं का, हे झाडून बघायचं म्हटलं की जीव वर येतो.

"ही बघ ती गोळी," म्हणून वेन्डेलने शर्टाच्या खिशातून गोळी काढून दिली, आणि ओळखीचं कोणी दिसलं म्हणून त्याच्याशी ओरडून बोलायला लागला.

मी गोळी दिव्याखाली धरली. पोकळ नाक खालच्या बाजूने चेपलेलं होतं.

"रिकामं करताना असं होत नाही," मी आपला पुटपुटलो. "ही आत जाताना अडकलीय. पिस्तूल भरताना वरची सरकती स्लाइड मागे ओढून सोडून द्यायची असते, फाडकन. कोणीतरी ती हाताने धरून हळूहळू पुढे नेली. मग गोळी नळीत चढत नाही, अर्ध्यावर रुतते, आणि चाप ढिला पडतो."

वेन्डेलला काही ऐकू गेलं नाही. इमोजीनला गेलं. तिने नवऱ्याची बाही ओढली आणि शेजारच्या खानावळीकडे बोट दाखवून कप तोंडाला लावल्याची खूण केली. "कॉफी? आणतो की!" म्हणत तो गेला.

"रॉइस, हे दुरुस्त करू नकोस," ती काउंटरवर वाकून कुजबुजली.

"का गं? तो माझी सालटी काढील."

"करू नकोस म्हणतेय ना! मी ते त्याच्यावर चालवलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हंगामाच्या पहिल्या दिवशी," ती काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाली. "पहाटेच निघून गेला होता. अंधार पडल्याशिवाय कधी परत येतो का तो? मी बिस्किटांचं पीठ मळत होते. उजाडल्यावर मागचं दार वाजलं. बघते तर बूट काढतात त्या खोलीत एक माणूस, पाठमोरा, वाकलेला. अंगात ते झाडपाल्याच्या नक्षीचे शिकारीचे कपडे, तोंडावर जाळी. अरे, या दिवसांत अख्खा तालुका तसाच दिसतो! मी ओरडले, कोण आहे? पुन्हा ओरडले. वळेचना. मग मी ते ड्रॉवरमधून काढलं, स्लाइड ओढली, हात पिठाचे... हळूच पुढे नेली. पाठीवर रोखलं. आणि ओढला चाप. एकदा नाही, पुन्हा पुन्हा ओढला. नुसता ढिला लागत होता."

"मग?"

"मग त्याने जाळी काढली. म्हणाला, गुडघा गारठला, आलो परत, कॉफी आहे का?"

"आणि तू?"

"टॉवेलखाली लपवलं. आणि त्याला कॉफी दिली."

मी हातातली गोळी काउंटरवर ठेवली. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते कळेना. त्या चोराचा, वेन्डेलच्या कानांचा, या टीचभर लोखंडाचा.

"सांग त्याला," मी कसाबसा म्हणालो.

"कशी सांगू? रात्री तो घोरत असतो आणि मी ते घोरणं ऐकत पडते. सकाळी ठरवते, आज बोलायचंच. तोंड उघडते, तर म्हणतो, काय? मोठ्याने बोल! असली गोष्ट मोठ्याने बोलतात का रे, रॉइस? कुजबुजून सांगितली असती मी. कुजबुज त्याला पोचत नाही."

तेवढ्यात वेन्डेल कॉफी घेऊन आलाच. "काय खुसुरफुसुर चाललीय दोघांची? झालं का काम?"

"हे कामातून गेलंय!" मी जोरात ओरडलो. खोटंच ओरडलो. "भंगार आहे! टाकून दे!"

"मग नवं दाखव! सगळ्यांत चांगलं दाखव, मेलं तरी न अडकणारं!" त्याने काचेखालच्या एका पिस्तुलाकडे बोट दाखवलं. मी हललो नाही, तर माझ्या नोकराने काढून, रिकामं असल्याचं बघून, त्याच्या हातात दिलंसुद्धा. वेन्डेलने पिस्तुलाची नळी जमिनीकडे करून चाप ओढून बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. "वा! हे घे इमी, ओढून बघ. बघ कसं अलगद जातंय!"

त्याने ते तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते काचेवर टाकून दिलं.

"वेन्डेल, मी तुझ्यावर गोळी झाडत होते!"

"काय?"

"मी तुझ्यावर गोळी झाडत होते!" एवढ्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "पहिल्या दिवशी! तू परत आलास तेव्हा! मला चोर वाटलास तू! मी चाप ओढला, वेन्डेल! गोळी अडकली म्हणून उभा आहेस तू इथे!"

दुकानातली सगळी डोकी पुन्हा वळली.

वेन्डेलच्या तोंडावर हसू तसंच राहिलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं. मग ते गेलं. त्याने काउंटरवरची चेपलेली गोळी बघितली, माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"हाक मारली होतीस?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच हळू आवाजात.

"मारली होती!"

"आणि मी?"

"तू वळलाच नाहीस!"

त्याने डाव्या हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. ठेवताना सांडला, ते त्याने पाहिलं नाही. आता हा शिव्या देईल, रडेल, निघून जाईल, मला काहीच अंदाज येईना. इमोजीन तर शिक्षा ऐकायला उभं राहावं तशी उभी होती.

"कुठे?" तो म्हणाला, आणि आपला उजवा हात मुरगाळून मागे नेला. पाठ चाचपायला लागला. कमरेपर्यंत पोचला, वर पोचेना. खांदा दुखला असावा, तोंड वेडंवाकडं झालं, तरी चाचपत राहिला. "कुठे गं?"

इमोजीन त्याच्या मागे गेली. तिने त्याच्या जाकिटावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहात ठेवला.

वेन्डेलने आपला हात खाली सोडला. तिने तिचा उचलला नाही. गिऱ्हाईकं एकेक करून गुपचूप बाहेर पडली, मी कोणालाच थांबवलं नाही.