हॅडो मास्तरचा शागीर्द

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” हॅडो मास्तर म्हणाला, “आणि न बसलेलाच बरा. बसला तर आयलीला झोप लागायची नाही, आणि गुरुवारी तिची परीक्षा आहे.”

असं म्हटलं की पोरं बाकं पुढे ओढतात, हे मास्तरला चांगलं ठाऊक होतं. ओढलीच. बाहेर समुद्रावरून धुकं असं चढलं होतं की पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, उभं राहिलं तर स्वतःचे बूट दिसेनात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या या किल्मार्डीत माणसं पावसात गोल्फ खेळतात, गारांत खेळतात, मैदानाच्या कडेनं प्रेतयात्रा जात असली तर टोपी काढतात, ती गेली की पुन्हा खेळतात. पण धुक्यात चेंडू हरवतो, आणि चेंडू हरवणं इथल्या माणसाच्या अगदी जिवावर येतं. म्हणून सराव सोडून चार शिकाऊ पोरं कॅडींच्या, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांच्या, शेडमध्ये शेगडीभोवती बसली होती. त्यांत मुलगी एकच, आयली मॅकफी. आणि मधोमध मास्तर. क्लबचं गोल्फचं दुकान आणि तिथलं शिकवणं सोडून त्याला सात वर्षं झाली होती, शेगडीजवळची खुर्ची मात्र त्यानं सोडली नव्हती.

क्लबच्या स्वयंपाकघरातली एफी रेनी मोठं पातेलं घेऊन आली आणि वाडग्यांत जवाचं सूप ओतू लागली. तिला एका कानानं ऐकू येत नाही असं सगळे म्हणत. कुठल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं.

“गोष्ट निनियन पेट्रीची,” मास्तर म्हणाला.

“कोण, मशीनवाला निनियन?” आयलीनं विचारलं. “गवत कापतो तो?”

“तुमच्यासाठी मशीनवाला. मी त्याला असा फटका मारताना बघितलंय की चेंडू बघायला समुद्रातून सील वर यायचे. या किनाऱ्यावर तसा खेळाडू झाला नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे व्यावसायिक खेळाडूचं प्रमाणपत्र. तेच तुम्हाला हवंय. आणि ते का मिळालं नाही, ते ऐका आता. सूप प्या, गार होतंय.”

निनियन आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, थेट हेरिंग मासे धरणाऱ्या बोटीवरून उतरलेला. मनगटं दोरखंडासारखी, खांदे दाराच्या चौकटीएवढे. फक्त फटका मारताना डोकं हलायचं, जणू मागून कुणी हाक मारतंय. मास्तरनं पहिल्याच सकाळी बाजारातून ताजा हेरिंग आणला आणि निनियनच्या टोपीवर जाड दोऱ्यानं शिवून टाकला. म्हणाला, “आता मार.”

“कशासाठी?” एका पोरानं विचारलं.

“सीगलसाठी! डोकं स्थिर असलं तर सीगलला वाटतं खांब आहे. येतो, बसतो, निवांत मासा टोचतो. डोकं हललं की बिचकतो, मग चोच लागेल तिथे लागेल. पहिल्या आठवड्यात निनियनचा डावा कान तीन जागी फाटला. दुसऱ्यात उजवा, एकाच जागी. म्हणजे प्रगती होती. सहाव्या आठवड्यात मादीनं त्याच्या टोपीत अंडं घातलं.”

“अंडं?”

“दोन. एक मी खाल्लं.”

पोरं हसली. मास्तरही हसला, पण गालातल्या गालात. कान फाटल्याचं ऐकून आयलीचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला होता, आणि ते बघून त्याला सुपापेक्षा जास्त ऊब आली होती.

हिवाळ्यात गवत जपायला क्लब प्रत्येकाला हातरुमालाएवढी चटई देतो. चेंडू तिच्यावर ठेवायचा आणि मारायचा. मास्तरनं निनियनच्या हातात चटईऐवजी बसचं तिकीट ठेवलं. किल्मार्डी ते डंडी, एकेरी. “याच्यावर चेंडू ठेव. चेंडू गेला पाहिजे, तिकीट राहिलं पाहिजे.” पोरगं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या तिकिटावरून मारत राहिलं. बोटं फुटली, रक्त तिकिटावर पडलं, वाळलं, पुन्हा पडलं. एप्रिलमध्ये तो त्याच तिकिटावर डंडीला गेला आणि कंडक्टरनं विचारलं फक्त एवढंच, की हा तांबडा रंग कधीपासून सुरू केला कंपनीनं?

“आणि तुम्ही त्याला शाबासकी कधी दिलीत, मास्तर?”

“दिली की. तीन वर्षांत एकदा ‘शाब्बास’ म्हणालो. तेही मागे बसलेल्या माझ्या कुत्र्याला, पण निनियनला वाटलं आपल्यालाच म्हटलं. रडला बिचारा आनंदानं. मी मग त्याचा गैरसमज दूर केला.”

“दूर केलात?” आयली म्हणाली. “कशाला?”

“पोरी, शिकवणं म्हणजे गोंजारणं नव्हे. मी त्याला सगळ्यांसमोर विचारायचो, तुझ्या आईनं तुला पाळण्यात वाढवला की जाळ्यात? तो म्हणायचा, ‘जाळ्यात, मास्तर,’ आणि पुढचा चेंडू ठेवायचा. असा शागीर्द पुन्हा मिळाला नाही.”

एफी पातेल्याचा तळ खरवडत होती. तिनं ही गोष्ट आजवर चाळीस वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी ती तळ जरा जास्तच खरवडायची.

पण नुसतं खेळून प्रमाणपत्र मिळत नाही. उमेदवाराला शिकवताही यावं लागतं. मास्तरनं निनियनच्या गळ्यात बांधले ते बँक मॅनेजर क्रॉम्बी. क्रॉम्बीसाहेबांचा चेंडू दर वेळी उजवीकडे वळायचा आणि चर्चच्या कब्रस्तानात जाऊन पडायचा. अकरा वर्षं ते मास्तरकडे धडे घेत होते. अकरा वर्षं मास्तर त्यांचा खांदा दुरुस्त करत होता, मग कोपर, मग गुडघा, आणि कब्रस्तानातल्या लोकांना काही विसावा नव्हता. निनियननं त्यांच्या शरीराला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, “साहेब, बँकेत सही करताना पेन किती घट्ट धरता?”

“छे, हलकंच.”

“मग स्टिक का अशी धरलीय, जसं कुणी हिसकावून नेणार आहे?”

तिसऱ्या धड्याला क्रॉम्बीसाहेबांचा चेंडू सरळ गेला. ते तिथेच वाळूत बसले आणि रुमालात तोंड घालून हमसून हमसून रडले. त्यानंतर दुकानातल्या धड्यांच्या वहीत लोक नावं लिहायचे ती निनियनच्या पानावर. डॉक्टर, पाद्री, पाद्र्याची बायको. मास्तरच्या पानावर एका जूनमध्ये दोनच नावं होती आणि त्यातलं एक चुकून लिहिलेलं होतं.

“माझी तर छाती अशी फुगली,” मास्तर म्हणाला आणि शेगडीत उगाचच सळई खुपसली. ठिणग्या उडाल्या. “शागीर्द पुढे गेला की गुरूला दुसरं काय हवं? कमिटीनंही ठरवलं, यंदा निनियन पास झाला तर दुकान त्याचं, आणि हॅडोला भिंतीवरचं घड्याळ देऊन मोकळं करायचं. मी म्हटलं, उत्तम! घड्याळ तर घड्याळ. माझ्याकडे नव्हतंच.”

“पण तुम्ही तर त्यानंतर पुष्कळ वर्षं होतात दुकानात,” आयली म्हणाली.

“तेच सांगतोय. परीक्षेला तेव्हा तीनदाच बसता यायचं. निनियन एकदा सात फटक्यांनी नापास झाला. दुसऱ्यांदा तीनानं, तेही वाऱ्यामुळे. वारा असा होता की त्यानं मारलेला चेंडू परत येऊन त्याच्याच खिशात पडला. ही तिसरी वेळ. शेवटची. एका दिवसात दोन फेऱ्या, मिळून एकशे छप्पन्न फटके. एकशे सत्तावन्न झाले की गडी आयुष्यभरासाठी बाद. आणि ती परीक्षा इथेच, किल्मार्डीला.”

शेडमध्ये आता कुणी सूप पीत नव्हतं.

त्या दिवशीचा वारा मास्तरनं चांगली पाच मिनिटं रंगवला. मेंढ्या कुंपणाला बांधून ठेवल्या होत्या, पाद्रीसाहेबांचा विग डेन्मार्कच्या बाजूला गेला, वगैरे. निनियननं सकाळच्या फेरीत एकोणऐंशी घेतले. दुपारी शेवटच्या ग्रीनवर, भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, पोचला तेव्हा शहात्तर झाले होते. चेंडू भोकापासून दोन वीत. एक फटका, की झालं. सत्त्याहत्तर, एकूण एकशे छप्पन्न. प्रमाणपत्र, दुकान, सगळं. आंधळ्या म्हातारीनं छत्रीनं ढकलला असता तरी गेला असता.

निनियन वाकला. स्टिक चेंडूमागे टेकवली. आणि थांबला. मग हळूहळू सरळ झाला.

परीक्षक म्हणाले, “काय झालं?”

“स्टिक टेकवल्यावर चेंडू हलला, साहेब. एक फटका दंड.”

“मला तर दिसला नाही.”

त्याच्याबरोबर खेळणारा उमेदवार म्हणाला, “मलाही नाही.”

“हलला, साहेब,” निनियन म्हणाला.

किल्मार्डीत चोरी केलेला माणूस चालतो. बायको टाकलेला चालतो, वर्षभरानं लोक त्याच्याशी हवापाण्याचं बोलायलाही लागतात. पण हललेला चेंडू लपवणाऱ्याच्या बाकावर चर्चमध्ये कुणी बसत नाही, त्याच्या मुलांच्याही नाही. परीक्षकांनी दंड लिहिला. निनियननं चेंडू जागेवर ठेवला आणि तो दोन वितींचा फटका इतका सुरेख मारला की भोकात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. एकशे सत्तावन्न. मग त्यानं सगळ्यांशी हात मिळवले, कार्डावर सही केली, आणि कार्ड दिल्यावरही त्याचा हात तसाच पुढे राहिला, जणू अजून काहीतरी परत मिळायचं होतं.

“मी पार तिकडे होतो,” मास्तर म्हणाला, “दगडी भिंतीपाशी. जवळ जायची छाती झाली नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण अभिमानाचं! म्हटलं, हॅडो, पोराला फटका शिकवलास तो कुणीही शिकवला असता. हा प्रामाणिकपणा तू शिकवलास. आणि गंमत ऐका. तो आजही रोज सकाळी अठराव्या ग्रीनवर मशीन थांबवतो, मला बघून टोपी काढतो. म्हणतो, मास्तर, तुमचे उपकार आहेत. रोज! पावसातसुद्धा! मी मुद्दाम पावसात जातो कधी कधी, बघायला.”

तो खदखदून हसला. दोन पोरं हसली, तिसरं वाडग्यात बघत राहिलं.

“मास्तर,” आयली म्हणाली, “एक विचारू? मी गेल्या महिन्यात निनियनकाकांना विचारलं होतं याबद्दल. परीक्षेची भीती वाटत होती म्हणून. ते म्हणाले, ‘मला नव्हता दिसला, वाऱ्यानं डोळे भरले होते. सांगितलं तेव्हा कळलं.’ मग त्यांना सांगितलं कुणी? परीक्षकांना दिसला नव्हता. दुसऱ्यालाही नाही.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मास्तरनं पाइप तोंडातून काढला, त्यात बघितलं, पुन्हा तोंडात घातला. गोष्ट सांगणाऱ्याला अशा वेळी हाताशी एखादा माणूस लागतो, आणि मेलेला असला तर फारच सोयीचा.

“कॅडीनं सांगितलं,” तो म्हणाला. “जवळ दुसरं कोण असतं?”

“कोण होता कॅडी?”

“वॉटी. वॉटी रेनी. देव त्याचं भलं करो, गेला आता. नजर अधू, त्यात सकाळपासून दोन पेले पोटात. त्याला काय, मेंढीसुद्धा हललेली दिसायची नाही आणि चर्चचा मनोरा हललेला दिसायचा. हलला म्हणाला असेल आपला. पण शागीर्द बघा माझा! कॅडीचा शब्द खाली पडू दिला नाही.” आता गोष्टीला नवा रंग चढतोय असं वाटून मास्तर सरसावून बसला. “मी तर वॉटीला नंतर बोललोसुद्धा, अरे मुडद्या, एका गरिबाच्या पोराचं आयुष्य…”

पातेलं जमिनीवर आदळलं. ठेवलं की पडलं, ते कळलं नाही. एफी एप्रनला हात पुसत शेगडीपाशी आली. सगळे मास्तरला मास्तर म्हणायचे, तीही तीस वर्षं तेच म्हणत आली होती.

“माझा भाऊ त्या आठवड्यात लांब उत्तरेला, लर्विकच्या पुढे बोटीवर होता, टॉर्क्विल हॅडो,” ती म्हणाली. “चाळीस वेळा ऐकलं तुझं. सीगलनं अंडं घातलं, ऐकलं. तू भिंतीपाशी रडत होतास, तेही ऐकून घेतलं. पण वॉटीला मध्ये आणू नकोस.”

“एफी, अगं गोष्ट आहे ही—”

“कॅडी तूच होतास, निनियनची बॅग तुझ्या खांद्यावर होती. परीक्षकांचं सूप घेऊन मी ग्रीनच्या कडेलाच उभी होते, इथून त्या दारापर्यंत असेल एवढ्यावर. चेंडूकडे पाठ होती तुझी. वाऱ्याला आडोसा करून पाइप पेटवत होतास तू. आणि न वळता म्हणालास, ‘हलला रे, निनियन.’”