दारात थांबलेली बाई

"आजच्या दिवस तरी मामाजीले मांगंच बसवा," आशाबाई चुलीपाशी पुटपुटली. मागच्या खोलीत बाजेवर बसलेल्या महादेवरावांना ते स्वच्छ ऐकू आलं. सासऱ्याचे कान शाबूत आहेत, हे सुनेला वीस वर्षांत पटलं नव्हतं.

जानेफळचे पाहुणे पिंपळगावात येऊन बैठकीत टेकले होते. प्रतिमाचं आधीचं स्थळ, मुलीचा आजा काय करत होता, एवढ्या एका प्रश्नावर मोडलं होतं. नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली तरी लोकांना जुनं सारं आठवत होतं. म्हणून यंदा तिच्या बापानं, वैजनाथमास्तरांनी, उत्तर घोकून ठेवलं होतं: वडील खामगावच्या कापसाच्या जिनात कारकून होते. खोटं नव्हतंच. त्याआधीची आठ वर्षं तेवढी त्यात नव्हती. मुंबईची कंपनी, मुके सिनेमे, आणि कामाला बाया मिळत नाहीत म्हणून लुगडं नेसून उभे राहिलेले महादेवराव. पुढं बाया मिळू लागल्या, मग सिनेमाही बोलू लागला. रिळं म्हणे त्यांवरची चांदी काढायला कोणी धुऊन टाकली. घरात तो विषय कोणी काढत नसे.

"अवं पडशीन!" आशाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

प्रतिमाच्या पायात नऊवारीचा घोळ अडकला होता. तिला सवय पाचवारीची, पण नवऱ्या मुलाच्या आजीला, सोजराबाईंना, नऊवारीतच मुलगी पाहायची होती. तबकातल्या कपबश्या किणकिणत होत्या. बैठकीत वैजनाथ दुसऱ्यांदा खाकरला.

महादेवराव उठून आत आले.

"तबक ठेव खाली. घोळ अंगठ्यानं लोट, असा." चाळीस वर्षांनी ते त्या चालीनं चार पावलं चालले. "उंबऱ्यात थांब जराशी. पदर खांद्यावर घे, मंग नजर खाली. भेव वाटलं तं वाटू दे. आमाले बोलाची सोय नव्हती, पोरी. सारं चालूनच सांगा लागे."

महादेवराव मागं बाजेवर जाऊन बसले. प्रतिमा गेली. उंबऱ्यात थांबली.

सुपारी कातरणारा सोजराबाईंचा अडकित्ता जागच्या जागी राहिला. "माय, माघारी जाय अन् पुन्हा ये बरं."

आशाबाईनं चौकट घट्ट धरली. प्रतिमा पुन्हा आली, पुन्हा तशीच थांबली.

"हे थांबनं म्या पाह्यलं हाय," सोजराबाई म्हणाल्या. "नवी नवरी व्हती मी. शेगावले तंबूत सिनेमा आलता. एक बाई घर सोडून चालली, अन् दारात अश्शीच थांबली. इतकी रडली मी, का सासूनं बाहीर ओढून नेलं. मास्तर, कोन व्हती ते बाई? तुमच्यातली व्हती काय?"

"नाही हो मावशी, घरचं वळणच तसं..." वैजनाथ शाळेतल्या भाषेत म्हणाला.

मागं बाज करकरली. महादेवराव आपण होऊन खोलीचं दार लावून घेत होते. आवाज होऊ नये म्हणून, दोन्ही हातांनी, हळू. फटीतून त्यांची बोटं दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

वैजनाथ उठून उभा राहिला.

"ते बाई नव्हती, मावशी," तो म्हणाला. "माहा बाप व्हता. थो मांगं बसला हाय."