अडतीस नव्हे, चौतीस

कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत गौतमीला पॅकिंगला लागून तिसरं वर्ष चालू होतं. काम आठ तास उभ्यानं. बाटल्या खोक्यात भरायच्या, खोकी पुढं सरकवायची. वर्षभरातच तिचे खांदे भरून यायला लागले. तिला वाटायचं, खोक्यांमुळंच. घरी आली की सासू पार्वतीबाई कोमट तेलानं खांदे चोळून द्यायच्या. दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंदीचे लाल वळ उठलेले असायचे. ते दिसले की त्या तिथं जरा जास्त तेल लावायच्या.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात हात वर करणंही जड झालं, तेव्हा ती दौंडला डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंनी त्या वळांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, आतून किती नंबरची घालता? गौतमी खाली बघत म्हणाली, अडतीस. माप कुणी घेतलं होतं? कुणीच नाही. लग्नाआधी आईनं बाजारातून छत्तीसची आणली होती. लेकाच्या, सम्राटच्या बाळंतपणानंतर ती छातीवर आवळायला लागली, म्हणून अडतीस. दुकानात गल्ल्यावर गडीमाणूस असायचा. एका दमात नंबर सांगायचा, कागदात गुंडाळलेलं पुडकं पिशवीत कोंबायचं आणि मागं न बघता निघायचं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्याच नाहीत. छातीचा भार पाठीवरच्या पट्टीनं पेलायचा असतो, तुमची पट्टी सैल आहे म्हणून तो खांद्यांवर येतो, असं त्यांनी समजावलं. मग शिरूरच्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथं बाईच माप घेते आणि घालून बघता येतं, म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी निघायचं ठरलं. सोबतीला पार्वतीबाई. शिरूरला काय काम काढलंय, असं नवनाथनं बायकोला विचारलं. उत्तर पार्वतीबाईंनीच दिलं, "बायकांचं काम हाय."

दुकान बांगड्यांचं होतं. त्याच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, धुरपदाबाईंचं राज्य. वीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई, गळ्यात टेप. भिंतीला छतापर्यंत खोकी. त्यांनी गौतमीला आत घेतलं, ब्लाउज काढून हात वर करायला लावले. तिनं हात वर केले, तशी पाठीवरची पट्टी सरसर मानेकडं निघाली.

"ही कामच करंना की तुमची," धुरपदाबाई म्हणाल्या.

त्यांनी छातीच्या खालून टेप आवळून धरली. चौतीस. मग छातीच्या उंचवट्यावरून सैलसर फिरवली. अडतीस. गौतमी म्हणाली, म्हणजे माझा नंबर बरोबरच होता. धुरपदाबाईंनी मान हलवली. सगळ्या बायका वरचंच माप धरतात. नंबर खालच्या मापाचा, आणि दोन्हीत जेवढा फरक तेवढा कप मोठा. हिचा फरक चार इंचांचा, म्हणून चौथं अक्षर, कप डी.

"चौतीस मला काचंल," गौतमी म्हणाली.

"काचली तर माझ्याकडं परत आणा. पट्टीखाली दोन बोटं गेली म्हंजी झालं."

पहिली घातली, तर कपाच्या काठावरून अंग बाहेर येत होतं. दुसरीत पुढं पोकळ राहिलं. तिसरी घातल्यावर धुरपदाबाईंनी तिला पुढं वाकायला लावलं, सगळं नीट कपात बसवून मग सरळ उभं केलं. हुक सगळ्यात बाहेरच्या ओळीत लावला, कारण वापरून पट्टी सैल पडली की आतल्या ओळी कामाला येतात. खांद्यावरचे पट्टे थोडे ढिले केले आणि म्हणाल्या, आता करा हात वर.

पट्टी जागची हलली नाही. गौतमीनं हात खाली आणले, पुन्हा वर केले. डोक्यावरची भरली घागर कुणी उतरवून घ्यावी, तसे खांदे मोकळे झाले होते. आरशात बघता बघता तिला हसूच फुटलं, आणि मग ते काही केल्या आवरेना.

ब्लाउज घालून ती बाहेर आली. स्टुलावर बसलेल्या पार्वतीबाईंनी तिला वरून खाली न्याहाळलं.

"उंच दिसाया लागलीस गं," त्या म्हणाल्या. मग पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या खोक्यांकडं बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी गाठीची चोळी घातली होती. राहू गावच्या मळ्यांमधून खुरपणी केली, तीन लेकरं पाजली. आता उन्हाळ्यात छातीखाली घामोळं उठायचं आणि चालताना अवघडायचं. कुणाला सांगायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"आमच्या वयाच्या बाईला बी मिळतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

धुरपदाबाईंनी उत्तराच्या आधी टेप उचलली. गौतमीनं पडदा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आतून आधी कुरकुर ऐकू आली, मग कुजबुज, आणि मग दोघींचं खिदळणं. पार्वतीबाईंचे हात पाठीमागं पोचत नव्हते, म्हणून पुढं हुक असलेली, मऊ सुती निवडली. बाहेर येऊन त्यांनी पदर सारखा केला, स्टुलावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"आत्या, टोचतंय का?" गौतमीनं सासूला विचारलं.

"न्हाई. कुणीतरी सांभाळून धरल्यावानी वाटतंय."

स्टँडवर दोघींनी उसाचा रस घेतला. दौंडची गाडी लागली. गाडीत शेजारच्या बाकावर न्हावरा गावची एक बाई येऊन बसली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि शिरूरला कशासाठी आला होतात, असं तिनं विचारलं. पार्वतीबाईंनी पुढच्या दोन बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगायला सुरुवात केली. गौतमीनं आधी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. सासूबाई बांगड्यांच्या दुकानापर्यंत आल्या आणि गल्लीचं नाव मात्र विसरल्या. तेव्हा गौतमी वळली, त्या बाईकडं झुकली आणि पत्ता तिनंच सांगितला.