पिवळ्या दोऱ्याचं वाण

कुलदीप महाराजांना काय मिळणार होतं, ते आधी मोजून घेऊ. दर शुक्रवारी दोन-तीन पोती हळद, भाजीच्या टोपल्या, अनुष्ठानाचा खर्च वेगळा. आणि सगळं जमून आलं तर गावातले बडे शेतकरी उकंडराव यांची रस्त्यालगतची एकरभर जमीन मठासाठी. गुंतवणूक म्हणाल तर सुताची एक गुंडी, भगवी लुंगी आणि कमरेला तंबाखूची डबी.

वडनेर भोलजीच्या शिवारात टिनाच्या शेडपुढे सकाळपासून रांग लागे. महाराज एचआयव्हीच्या विषाणूचं वाण ओळखत. रांगेत आजारी मात्र कोणीच नसे. जो तो साडूसाठी आलेला. जिल्ह्यातले निम्मे साडू अंथरुणाला खिळले असावेत, असं त्या रांगेवरून वाटे.

रोग्यानं हळदीत भिजवलेला दोरा तीन दिवस दंडाला बांधायचा. मग महाराज त्यावर तीर्थ शिंपडून तो बोटांत चोळत. लाल झाला तर वाण कडक: रोग झपाट्यानं वाढणार, मोठं अनुष्ठान लागणार. पिवळाच राहिला तर वाण मऊ.

"कपाशीत वाण असते का नाही?" महाराज विचारत. रांग माना हलवी. "एक लवकर बसते, एक टिकते. तुमच्या साडूचं वाण मऊ हाय. वीस वर्षं निजून राहीन. गोळ्या काऊन खाऊन राह्यला तो? गोळीनंच ते जागं होते."

संजीवनीचा दोरा पिवळा राहिला. वांगी-टमाटे पिकवून सात वर्षांच्या छकुलीला वाढवणारी ही विधवा नऊ वर्षं न चुकता गोळ्या घेत होती. त्या दिवशी तिनं गोळ्यांची डबी तांदळाच्या कोठीमागे सारली. सासू मनकर्णाबाईंच्या हाताला ती अकराव्या दिवशी लागली.

गोळ्या न्यायची तारीखही चुकली होती, म्हणून सरकारी केंद्रातली समुपदेशक प्रेरणा घरी आली. तिनं महाराजांना चक्क अर्धे मार्क दिले.

"वाणं असतात, ते खरं आहे. काही विषाणू शरीर लवकर पोखरतात, काही सावकाश. पण ते प्रयोगशाळेत त्यांची रचना वाचून समजतं, आणि तोही अंदाजच. ताई, तुमचा विषाणू गोळीनं दाबलेला आहे. गोळी थांबली की मऊ वाणही वाढतं, आणि वाढता वाढता बदलून कडकही होऊ शकतं."

संजीवनीचं एकच म्हणणं: दोरा तर साऱ्यांसमोर पिवळा राह्यला ना.

मनकर्णाबाई म्हातारी, पण बाजारात दोनदा वजन करून घेणारी. त्यांनी सुनेच्या दंडाला नवा दोरा बांधला, चौथ्या दिवशी मधोमध कापला. अर्धा स्वतः घेतला, अर्धा उकंडरावांच्या हाती दिला; जमीन लिहून देण्याआधी त्यांनाही खात्री हवी होती. पायात रबरी चप्पल घालून मनकर्णाबाई रांगेत उभ्या राहिल्या. कोल्हापुरी घातलेले उकंडराव मागाहून मोटारीतून उतरले. महाराज पूर्वी मलकापुरात साडीच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाची चप्पल बघून कोणता गठ्ठा सोडायचा, हे त्यांना तिथंच पाठ झालेलं.

मनकर्णाबाईंचा पिवळा. उकंडरावांचा लालभडक.

बाईंनी दोन्ही तुकडे जोडून उंच धरले. "महाराज, हा एकाच माणसाचा दोरा हाय. त्याच्या अंगात वाण किती?"

महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली.

"श्रद्धा नाही, चुना कमी पडला," म्हणत मनकर्णाबाईंनी आपल्या चंचीतला चुना पाण्यात कालवला आणि पिवळ्या तुकड्यावर चोळला. तुकडा लाल झाला. मग त्या रांगेतल्या बायांकडे वळल्या. "काहो, हळदीचं कुंकू कायनं होते?"

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे त्यांच्यातल्या कैकींना ठाऊक होतं. पाच शुक्रवार रांगेत उभं राहून एकीलाही आठवलं नव्हतं. आणि तंबाखू मळणाऱ्याच्या अंगठ्यावरचा चुना वऱ्हाडात कोणाच्या डोळ्यांत भरणार? महाराजांचा उजवा अंगठा चुन्याचा, डावा कोरडा. बस, एवढंच दिव्यज्ञान.

एवढं मात्र आपण करू शकतो. कोणी चमत्कार दाखवला तर तोच पुन्हा करायला सांगावं, आणि आपण कोण ते कळू न देता. खरी तपासणी चप्पल बघत नाही.

आता कोणी किती भरलं ते बघू. उकंडरावांची जमीन वाचली. महाराज जादूटोणाविरोधी कायद्याखाली आत गेले. लाल दोरेवाल्यांचे पैसे बुडाले. संजीवनीचे गोळीविना पंधरा दिवस गेले. दोरा लाल झाला त्याच रात्री तिनं गोळी घेतली, आणि पुढच्या तपासणीत विषाणू दबलेलाच निघाला.

राहिले सुलतानपूरचे गुलाबराव. सात महिन्यांपूर्वी, महाराज लोणारकडे बसायचे तेव्हा, तेही साडूसाठी दोरा घेऊन आले होते. महाराजांकडे येऊन गेलेल्यांना शोधत प्रेरणा त्यांच्या घरी पोचली तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. बायको म्हणाली, त्यांना साडू नव्हताच.

दोरा तिनं जपून ठेवला होता. पिवळाच होता.