पावा आपसूक वाजला

"बाई, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तुमचा बसला, तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील," असं म्हणत थापाकाकांनी खुर्ची पुढे ओढली.

ते संग्रहालयाचे पहारेकरी. थापाकाका हे नाव कचेरीनेच ठेवलेलं, आणि त्यांच्या थापांपायी सारी कचेरी हातातला चहा गार करून घ्यायची. आज मात्र समोर संग्रहपाल बाई होत्या. टेबलावर तीनशे वर्षांचा लाकडी पावा होता, तोंडाकडून बोटभर तडकलेला.

"जुन्या, कोरड्या लाकडाला तोंडाची वाफ लागली की असंच तडकतं," बाई म्हणाल्या. "कुणीतरी फुंकलंय. तुम्ही असाल, तर उद्यापासून तळघरात दगडी जात्यांची राखण."

काकांनी मनातल्या मनात तळघर पाहून घेतलं. तळघरात ऐकायला कुत्रंही नाही, जात्यांना काय थापा मारायच्या? दाराशी बाकावर बायको मांडीवर डबा घेऊन बसली होती. काल दुपारचं खरंखोटं त्या दोघांनाच ठाऊक. तिला बजावून ठेवलं होतं, तू नुसती मान डोलवायची.

"फुंकतंय कोण, बाई? काल दालनात चिटपाखरू नव्हतं. ही डबा घेऊन आली, आणि पावा आपसूक वाजायला लागला. विचारा तिला."

बायकोने मान डोलावली.

"बंद काचपेटीत?" बाईंनी विचारलं. "किल्ली तर तुमच्याकडे असते."

"म्हणून तर सांगतो, कुलूप शाबूत होतं. जुन्या वादकाचा श्वास आत अडकून पडलेला, इतकी वर्षं वाट शोधत होता. त्याच्याच जोराने तडकला बिचारा."

बाईंची चढलेली भुवई जराशी खाली आली. काकांना तेवढं पुरे होतं. गाडी सुटली ती सुटलीच.

"आणि सूर म्हणाल तर मधाची धार. भुसा भरलेल्या हरणाने कान टवकारले. बंद पडलेल्या घड्याळाने टोले दिले. कबुतरं खिडकीत ओळीने बसली, एकाने घाण केली असेल तर शपथ. ही तर ढसाढसा रडली."

डोलणारी मान मध्येच थांबली.

"मी कशाला रडू?" बायको म्हणाली. "हसून हसून पोट दुखलं माझं. गाल फुगवून लालबुंद झालात, तरी नुसतं फुस्स वाजलं की हो."